फिरत्या पेटीतलं घड्याळ

प्रिय टिल्लू,

तुझा मेसेज मिळाला. उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. फोनच करणार होते, पण फोनवर तू "ऐक ना ताई, ऐक ना" करत राहतोस आणि शेवटी मीच तुझं ऐकून घेते, हा आपला लहानपणापासूनचा खाक्या. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

तू विचारलंयस, की बाबांचं घड्याळ त्या फिरत्या पेटीत, त्या वाइंडरमध्ये चालूच ठेवू की बंद करून कपाटात ठेवू. पेटीतून हल्ली घरघर येते, त्याने घड्याळाला काही होणार तर नाही ना. घड्याळ थोडं पुढेही जायला लागलंय. 'तू घड्याळांच्या दुकानात आहेस म्हणून तुलाच विचारतो' असंही लिहिलंयस. एवढं सगळं सविस्तर. आणि सगळ्यात खाली, जोडलेल्या हातांच्या चित्राच्या अलीकडे, 'बाबा ओके ना?' मी तेव्हा जेवत होते. ताट बाजूला सारलं. राग आला असं म्हणणार नाही. तुझा राग मला लहानपणापासून येत आलाय आणि जातही आलाय. ही शिसारी होती. मोरीच्या जाळीत अडकलेले केस बोटाने ओढून काढताना येते ना, तशी.

पण विचारलंयस तर आधी उत्तर देते. ते माझं काम आहे, आणि कामात मी लबाडी करत नाही. दुकानात दुरुस्तीच्या काउंटरवर बसते तेव्हा वरचेवर कुणीतरी मनगट पुढे करून हेच विचारतं. ऑटोमॅटिक घड्याळाच्या पोटात एक जड अर्धचकती असते. हात हलला की ती हलते आणि तिच्या हलण्याने चावी भरते. पेटी फिरते ती हाताची नक्कल करायला. घड्याळ रोज हातात असेल तर त्याला कुठल्याही पेटीची गरज नाही. काढून ठेवलं तर दोनेक दिवस चालतं आणि थांबतं. थांबल्याने त्याचं काही बिघडत नाही. पुन्हा घालायचं असेल तेव्हा हाताने थोडी चावी द्यायची, वेळ लावायची, तारीख लावायची, झालं. ज्यांच्या घड्याळात चंद्राच्या कला आणि लीप वर्षापर्यंतचं कॅलेंडर असतं, त्यांना ते सगळं पुन्हा लावणं जिवावर येतं, त्यांनी पेटी घ्यावी. ज्यांच्याकडे पाच-सहा घड्याळं आहेत आणि रोज वेगळं घालायचंय, त्यांनी घ्यावी. साध्या घड्याळाला पेटीत सतत पळवत ठेवणं म्हणजे कुणी बघत नसताना त्याचे दाते झिजवणं. थांबून राहिलं तर तेल घट्ट होतं, असं जुने लोक म्हणायचे. हल्लीच्या तेलांना ते लागू नाही. घड्याळ पुढे जातंय म्हणतोस, तर पेटीच्या मोटरमधल्या लोहचुंबकाचा परिणाम झाला असेल. ते काढता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. घरघर मोटरची आहे, घड्याळाची नाही. तेव्हा उत्तर असं, की पेटी बंद कर. बाबांच्या घड्याळात वेळ आणि तारीख सोडून काहीही नाही.

मी गिऱ्हाइकांना हे सांगायला लागले की आमचा मॅनेजर मागे उभा राहून खोकतो, कारण पेट्या आम्हीही विकतो. मागे एक गृहस्थ आले होते. त्यांनी आपल्या तिजोरीच्या आत पेटी बसवून घेतली होती. म्हणजे लोखंडी दार बंद, आत काळोख, आणि त्या काळोखात घड्याळ गोलगोल फिरतंय. मी विचारलं, "घालता कधी?" तर म्हणाले, "छे हो, घालायचं कसलं? चरे पडतील." तेव्हा मी घरी येऊन तुझ्या भावोजींना सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. तुझ्याकडची पेटी मी तोवर पाहिलेली नव्हती.

तुझ्या पन्नाशीच्या पार्टीत तू पाहुण्यांना सांगत होतास, की बाबांना उंची घड्याळांचा शौक होता, हे त्यांच्या संग्रहातलं. कसला संग्रह, टिल्लू? त्या माणसाकडे चपलांचा दुसरा जोड नसायचा. पाहुण्यांना जे सांगायचं ते सांग, पण तुझं तुला तरी खरं माहीत असू दे. बाबा बंदरातले पायलट. बाहेर समुद्रात जहाज येऊन उभं राहायचं, बाबा लहान लाँचने त्याच्यापाशी जायचे आणि दोराच्या शिडीने चढून त्याला धक्क्याला आणायचे. वादळात सुकाणू अडकलेलं एक जहाज त्यांनी आत आणलं, त्या वेळी तू रांगत होतास. काही महिन्यांनी त्या जहाजाचा मालक स्वतः आला आणि त्याने आपल्या हाताने हे घड्याळ बाबांच्या मनगटावर बांधलं. आई म्हणाली, एवढी महागाची वस्तू शिडीवर आपटेल, कपाटात ठेवू. बाबा म्हणाले, "हात हलला की चालणारं घड्याळ आहे ते, कपाटात बसून काय करणार?" आणि ते तेच घालून कामावर गेले. रोज. त्याच्या काचेवर आडवा चरा होता तो शिडीच्या लाकडी पायरीचा. कड्यावर खड्डा होता तो लाँचच्या कठड्याचा. तू ते पॉलिश करून आणलंस. नव्यासारखं दिसतं, म्हणालास. मी दुकानात रोज पॉलिश केलेली घड्याळं हाताळते, पण त्या दिवशी तुझ्या दिवाणखान्यात ते गुळगुळीत, ओळख पुसलेलं घड्याळ पाहिलं आणि तोंडाला कसलीशी कडू चव आली.

तुला आठवतं का, की विसरलास? बाबा पहाटे कामावरून यायचे आणि दिवसा झोपायचे. तुला कुणीतरी सांगितलं होतं, की बाबांचा हात हलला नाही तर घड्याळ बंद पडतं. कुणीतरी म्हणजे मीच असणार. मग तू शाळेतून आलास की दप्तर न काढता त्यांच्या खाटेपाशी जायचास, त्यांचा हात दोन्ही हातांनी उचलायचास आणि हळूहळू हलवायचास. तो हात तेव्हा तुझ्या मांडीएवढा जाड होता. एकदा आई तुला ओरडली, झोपू दे त्यांना. तेव्हा बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "हलवू दे गं, त्याची ड्यूटी आहे ती." तू किती फुगला होतास त्या दिवशी. संध्याकाळी साऱ्या गल्लीला सांगत फिरलास.

त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा डावा हात गेला. घड्याळ त्याच हातात होतं आणि हातातच बंद पडलं. ते काढून घेतलंस तेव्हा मला काही वाटलं नाही. इस्पितळात वस्तू हरवतात. तू म्हणालास, बाबा माझ्याकडे राहतील, माझं घर मोठं आहे, लिफ्ट आहे, दिवसा एक आणि रात्री एक अशा दोन मावशी ठेवतो. मला बरंच वाटलं. आमच्या दोन खोल्या, माझी नोकरी, भावोजींचा छापखाना. तू दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचास. बाबांचा चेहरा दिसायचा, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, मागे उशी. मी येणार असं आधी कळवलं की ते दिवाणखान्यात खुर्चीवर बसवलेले असायचे, गुडघ्यांवर शाल. मी दोन घटका बसायचे, बोलायचे, चहा प्यायचे आणि निघायचे. ते खुर्चीत तिरके होत आणि चेहरा आवळत. मला वाटायचं, आजाराचा त्रास.

पार्टीला मी सांगितल्यापेक्षा लवकर आले, एवढंच झालं. बस मिळाली आधीची. पाहुणे नुकते जमत होते. दारातून आत शिरताच आतल्या वाटेच्या तोंडाशी, त्या अरुंद टेबलावर ती पेटी होती. वरून दिवा सोडलेला, काचेच्या आत मखमलीची उशी, आणि उशीला बांधलेलं बाबांचं घड्याळ संथ गिरक्या घेत होतं. तू चार जणांना भोवती घेऊन समजावत होतास. तुझा आवाज मला तसाच्या तसा आठवतोय. "याला दिवसभरात हवं तेवढंच फिरवतो. मधे विश्रांती देतो. मग उलट्या बाजूने फिरवतो. एकाच बाजूवर राहिलं की वंगण एका जागी साचतं." कुणीतरी विचारलं, लाइट गेली तर? तू म्हणालास, आत बॅटरी आहे. ते 'वा' म्हणाले. मी तुला म्हटलं, बाबा कुठे आहेत? तू म्हणालास, "झोपलेत, आत्ताच डोळा लागलाय, तू आधी काहीतरी घे ना." आणि माझ्या हातात सरबताचा पेला दिलास.

पेला हातात घेऊनच मी आत गेले. स्वयंपाकघरात दिवसाच्या मावशी ट्रेमध्ये पेले मांडत होत्या. त्यांना मी विचारलं, बाबांजवळ कोण आहे? त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज मला इकडेच थांबायला सांगितलंय." रात्रीच्या मावशींचं विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना कधीच नको म्हणून सांगितलं." मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि दाराच्या खालच्या फटीशी फुलांचा सुगंधी स्प्रे मारलेला होता. फरशी ओली होती त्याने. दार उघडलं आणि तो फुलांचा वास आणि आतला वास एकमेकांत मिसळून माझ्या अंगावर आला. टिल्लू, मी तो वास वर्णन करून सांगणार नाही. तो तुला माहीत आहे. माहीत होता म्हणून तर स्प्रे आणलास.

बाबा जागे होते. पाठीवर पडलेले, छताकडे बघत. खालची हवेची गादी सपाट होती. तिचा पंप पलंगाखाली वायरचं वेटोळं करून ठेवलेला, त्यावर धूळ. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला आधी वाटलं ते रुसलेत. मग कळलं, त्यांना लाज वाटत होती. मला वास येतोय हे त्यांना कळत होतं. लाटा उसळत असताना दोराच्या शिडीवर चढणारा माणूस, आणि आपल्या मुलीला आपला वास येतो म्हणून भिंतीकडे बघत होता.

मी दार लावून घेतलं, त्यांना कुशीवर घेतलं आणि शर्ट वर केला. माकडहाडाशी जे होतं त्याला जखम म्हणवत नाही. मूठ आत जाईल एवढं. कडा काळ्या, आत पिवळं, ओलं. चादर पाठीला चिकटलेली, ती सोडवताना त्यांच्या घशातून आवाज आला. त्यांचा आवाज गेलाय असं आपण म्हणतो ना, तो आवाज गेलेला नाही. दोन्ही टाचांना तसंच. मी कोपऱ्यात असलेल्या बादलीत ओकले. मग तोंड पुसून तुझ्या बायकोला शोधलं आणि स्वच्छ चादरी मागितल्या. तिने चादरी दिल्या, गरम पाणी आणून दिलं, आणि दाराशी उभी राहून एवढंच म्हणाली, "मी सांगून सांगून थकले हो, वन्सं." तिलाही मी सोडणार नाही, सांगून थकलेल्या माणसाला दोन हात असतात. पण निदान ती आत आली.

तू आलास तो नाकाला रुमाल लावून. उंबऱ्याच्या बाहेरच राहिलास. नवे बूट होते तुझे. "ताई, आत्ता नको ना. लोक आहेत." मी म्हटलं, हे कधीपासून आहे? तू म्हणालास, "होतं तसं अशा पेशंटना. गादीचा पंप बिघडलाय, मागवलाय मी." किती दिवस झाले मागवून, ते तुला आठवेना. पेटी मात्र परदेशातून पार्टीच्या आत आली. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला तेव्हा तू आवाज खाली आणून म्हणालास, "उद्या सकाळी नेऊ ना. कुठे पळून चाललेत का ते? केक कापायचाय अजून." मी तुझ्याशी वाद घातला नाही, हे तुला नवल वाटलं असेल. एरवी मी कशावरूनही तुझ्याशी भांडते. पण तुझ्याकडे बघवतच नव्हतं मला. ताज्या दाढीचा, अत्तर लावलेला, रुमालाआडून बोलणारा तो माणूस आपल्या घरातला आहे हे पटत नव्हतं.

स्ट्रेचर बाहेर न्यायला वाट एकच होती, दिवाणखान्यातून. दोन माणसं ते ढकलत होती, मी बाबांचा उजवा हात धरून बाजूने चालत होते. कुणीतरी संगीत बंद केलं. पाहुणे ताटल्या हातात धरून भिंतीला टेकले. कुणी खाली बघत होतं, कुणी नाकाशी हात नेत होतं. एका वयस्कर गृहस्थांनी, मी त्यांना ओळखत नाही, हातातली ताटली जमिनीवर ठेवली आणि पुढे होऊन दाराची दोन्ही कवाडं उघडून धरली. बाबांचा पाय पांघरुणाबाहेर आला होता, तो त्यांनी झाकला. आणि त्या अरुंद टेबलापाशी वळताना स्ट्रेचरचं टोक तिकडे गेलं, तेव्हा तू पुढे झालास. मला वाटलं, तू आलास. अजूनही लाज वाटते, की त्या क्षणी मला हायसं वाटलं. तू पुढे झालास आणि दोन्ही हातांनी ती पेटी धरलीस. छातीशी. स्ट्रेचर पुढे जाईपर्यंत तसाच धरून उभा राहिलास. बाबा तुझ्याकडे बघत होते. कुणीतरी विचारलं, "वडील का तुमचे?" तू म्हणालास, "हो, थोडं बरं नाहीये." काचेच्या आत ते फिरतच होतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी जखम उघडून पाहिली. तळाशी हाड दिसत होतं. त्यांनी हातमोजे काढत विचारलं, "यांना कुणी कुशीवर वळवत नव्हतं का घरात? दर दोन तासांनी वळवायला हवं." मी नाही म्हटलं. घरात फिरवतात, पण दुसरं काहीतरी, असं ओठांवर आलं होतं. परक्या बाईसमोर तुझी अब्रू काढवली नाही, बघ. सडलेला भाग कापून काढला. बाबांना भूल पूर्ण देता येत नव्हती, हृदयामुळे. मी बाहेर बाकावर बसले होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. तू दुसऱ्या दिवशी आलास, फळं ठेवलीस, डॉक्टरांशी इंग्रजीत बोललास, बिल भरलंस आणि गेलास. तेव्हापासून आला नाहीस. तुझ्याकडून आला तो हा मेसेज, घड्याळाचा.

आता बाबांचं सांगते, कारण तू विचारलंयस, ओके ना म्हणून. ते माझ्याकडे पुढच्या खोलीत असतात. भाड्याचा पलंग आणला, चावी फिरवली की डोक्याकडून वर होणारा. गादी नवी आहे आणि तिचा पंप अहोरात्र आवाज करतो. पहिले काही दिवस त्या आवाजाने झोप लागेना, आता तो थांबला तर जाग येते. ड्रेसिंगला रोज सकाळी परिचारिका येते, दिवसा एक मावशी असतात. जखम भरतेय. आतून, तळापासून, मुंगीच्या पावलाने. पिवळं गेलं, आता लाल दिसतं, आणि लाल दिसलं की चांगलं असतं हे मला आता कळतं. भावोजींनी बाबांना वळवण्याचं काम स्वतःकडे घेतलं. छापखान्यात कागदाची रिमं उचललेला माणूस, त्यांचे हात त्या कामाला बसले. वळवता वळवता ते बाबांना पेपरातल्या बातम्या सांगतात, बहुतेक चुकीच्या, आणि बाबा मधेच "हॅट" म्हणतात. हो, बोलतात बाबा. थोडं. "हॅट", "पाणी", "पुरे", असं. परवा परिचारिकेने ड्रेसिंग करताना विचारलं, आजोबा, दुखतंय का? तर म्हणाले, "तुला काय वाटतं?" तिघंही हसलो. घरात कुणाचा चढलेला आवाज ऐकू आला की मात्र अजून तोंड भिंतीकडे फिरवतात.

इथपर्यंत वाचलं असशील तर तुला वाटत असेल, ताईने शिव्या द्यायला पत्र लिहिलं. त्या द्यायच्या होत्याच, पण त्यासाठी मी एवढं लिहीत बसले नसते. भावोजींचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, शुक्रवारी. त्यानंतर बरेच आठवडे त्यांना वजन उचलायचं नाही. इतर दिवशी मी रजा घेईन, मावशी रात्रीही थांबतील, तसं भागवू, पण शनिवारी गर्दीमुळे मला दुकानात रजा नाही आणि रविवारी मावशी येत नाहीत, आणि माझ्या एकटीने बाबा वळत नाहीत. मी बाबांना विचारलं, कुणाला बोलावू? शेजारच्या काकांच्या मुलाचं नाव घेतलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली. नर्सिंग ब्युरोतला माणूस लावू म्हटलं, पुन्हा तशीच मान हलवली. मग म्हणाले, "टिल्लू." अगदी स्वच्छ. मला त्यांचाही राग आला. उठून मोरीत गेले आणि भांडी घासत राहिले. परत आले तरी ते तेच म्हणत होते. तेव्हा तू ये. शनिवारी सकाळी ये, रविवारी रात्री जा, आणि दर आठवड्याला असाच ये. माफ केलंय असं समजू नकोस, ते तुझं आणि त्यांचं तुम्ही बघा. मी तुला कामाला बोलावतेय. पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात त्यांच्या खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि आपल्याकडे ओढायचं, ढकलायचं नाही. मी दाखवीन. तुला किळस येईल. मला अजून येते. भावोजींना पहिल्या दिवशी चक्कर आली होती. ती येते, आणि आपण काम करत राहतो, एवढंच आहे त्यात. रुमाल आणू नकोस. आणि नखं कापून ये, बाबांची कातडी फार पातळ झालीये.

तुझीच, म्हणजे दुसऱ्या कुणाची होता येत नाही म्हणून,
ताई